ढेप किती खाल्ली आणि दूध किती दिलं

“पाचशे वॅट लिवलं हाय डब्ब्यावर. अन् धुऱ्यावरचं डुक्कर दिसत नाही.”

काकांनी हातातली बॅटरी माझ्या काउंटरवर ठेवली, म्हणजे जवळजवळ आपटलीच. आठवडी बाजारातून घेतलेली, हातभर लांब, तोंडाला चमचमती वाटी. हरभरा घाट्यावर आला की आमच्याकडे रोज रात्री जागलीला जावं लागतं. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, एका रात्रीत अर्ध्या एकराची वाट लावतात. त्यामुळे बॅटरी म्हणजे काकांची हौस नाही. डब्ब्यावर दोन आकडे मोठ्या अक्षरात होते, ५०० वॅट आणि २ किलोमीटर.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. बल्ब घ्यायला आलेलं दर दुसरं गिऱ्हाईक “जास्त वॅटचा दाखवा” असंच म्हणतं. काकांच्या निमित्तानं हा विषय एकदा नीट मांडावा म्हणतो.

आधी ते ५०० वॅट. घरातली साधी इस्त्री ७५० वॅटची असते. ५०० वॅट खरोखर त्या बॅटरीत जळत असते, तर काकांच्या तळहाताला फोड आले असते. मी ती उघडून पाहिली. आत एकच लिथियमचा सेल, ३.७ व्होल्टचा, आणि चांगला असेल असं धरलं तरी २ अँपिअर-तासांचा. दोन्हींचा गुणाकार केला की साडेसात वॅट-तासांच्या आसपास साठा येतो. ५०० वॅटच्या दिव्यानं तो मिनिटभरात संपवला असता. काकांची बॅटरी एका चार्जिंगवर दीड तास चालते, म्हणजे ती सरासरी पाच वॅट खाते. डब्ब्यावर शंभरपट लिहिलंय.

बरं, ५०० वॅट खरे असते तरी उजेड किती, हे त्यावरून कळलंच नसतं. गाय रोज किती सरकीची ढेप खाते, यावरून ती दूध किती देते हे सांगता येतं का? वॅट म्हणजे ढेप. दिवा दर सेकंदाला किती वीज खातो, एवढंच तो आकडा सांगतो. दिव्यानं बाहेर टाकलेला उजेड, म्हणजे दूध, मोजायचं माप वेगळं आहे. त्याला ल्युमेन म्हणतात.

मग आपल्या वाडवडिलांचं ‘साठचा बल्ब’, ‘शंभरचा बल्ब’ असं बोलून कसं भागलं? कारण तेव्हा सगळ्यांच्या गोठ्यात एकाच जातीच्या गाई होत्या. तारेचा पिवळा बल्ब कुठल्याही कंपनीचा घ्या, ६० वॅट खाऊन ७०० ल्युमेनच्या आसपास उजेड द्यायचा. ढेपेवरून दुधाचा अंदाज बरोबर लागायचा. मग सीएफएल आली, आणि २०१५च्या जानेवारीत सरकारची स्वस्त एलईडी बल्बांची उजाला योजना सुरू झाल्यावर एलईडी बल्ब गावोगाव पोचले. चांगला ९ वॅटचा एलईडी बल्ब ९०० ल्युमेनपर्यंत देतो. गोठ्यात नवी जात आली, पण मापाची भाषा जुनीच राहिली.

ल्युमेनला वॅटनं भागलं की किलोभर ढेपेमागे दूध किती हे कळतं. तारेचा बल्ब वॅटमागे जेमतेम १२ ल्युमेन द्यायचा, बाकी सगळी उष्णता. सीएफएल ५० ते ६०. आजचे एलईडी १०० च्या आगेमागे. डब्ब्यावर जे तारे छापलेले असतात ते याच भागाकारावर दिलेले असतात. बिलाच्या भाषेत सांगायचं तर ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला की महिन्याला ९ युनिट जातात, ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटसुद्धा नाही.

आता एक मजा. ल्युमेन हे माप निसर्गातलं नाही, आपल्या डोळ्याचं आहे. माणसाच्या डोळ्याला सगळे रंग सारखे दिसत नाहीत. कोवळ्या गव्हासारख्या पिवळसर हिरव्या रंगाला, ज्याची तरंगलांबी ५५५ नॅनोमीटर असते, तो सगळ्यात जास्त दाद देतो. त्या रंगाचा नुसता एक वॅट प्रकाश म्हणजे ६८३ ल्युमेन. तोच एक वॅट ६५० नॅनोमीटरच्या लाल रंगात असेल तर ७० च्या आसपास, आणि ४५० च्या निळ्यात असेल तर २५-२६. टीव्हीच्या रिमोटमधून निघणारा प्रकाश तर शून्य ल्युमेन, कारण तो आपल्याला दिसतच नाही. डोळ्याचा हा आलेख प्रकाशमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं १९२४ साली ठरवला आणि जगातले ल्युमेन मोजणारे सगळे आजही तोच वापरतात.

म्हणजे ल्युमेन माणसापुरते. कपाशीतल्या बोंडअळीचे पतंग पकडायला आपण प्रकाश सापळा लावतो, त्यातली जांभळी नळी आपल्याला मिणमिणती वाटते. तिचे ल्युमेन मोजले तर हसू येईल इतके कमी भरतील. पण पतंगाच्या डोळ्याला अतिनील प्रकाश दिसतो, त्याच्या लेखी तो लख्ख उजेड आहे. श्रावणात ताटात किडे पडतात म्हणून जेवायच्या जागी पिवळा दिवा लावतात, त्यातही हेच आहे. पिवळ्या दिव्यात निळा भाग कमी असतो, म्हणून किडे त्याच्याकडे कमी येतात.

ल्युमेन कळले तरी काम अर्धंच झालं. गाईनं दहा लिटर दूध दिलं, पण तुमच्या पेल्यात किती आलं? उजेडाचं तसंच असतं. एक चौरस मीटर जागेवर किती ल्युमेन पडतात, त्याला लक्स म्हणतात. भर दुपारी उघड्या वावरात एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो. पुनवेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स. पाव! तरी त्या उजेडात माणूस धुऱ्यावरून ठेच न लागता चालतो. डोळा हे इतकं विलक्षण यंत्र आहे की त्यावर उजेड मोजायचं काम सोपवता येत नाही. उजेड निम्मा झाला तरी तो बाहुली मोठी करून सांभाळून घेतो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही.

घरात लक्स किती मिळतात? ९०० ल्युमेनचा बल्ब डोक्यावर दोन मीटर उंच टांगला आहे असं धरा. त्याचा उजेड सगळीकडे सारखा पसरला तर दोन मीटर त्रिज्येच्या गोळ्यावर पसरेल, आणि त्या गोळ्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ५० चौरस मीटर. ९०० भागिले ५०, म्हणजे १८ लक्स. एलईडी बल्ब खालच्या बाजूला थोडा जास्त उजेड टाकतो, म्हणून २५-३० धरू. वाचायला-लिहायला ३०० लागतात. तोच बल्ब पुस्तकापासून अर्ध्या मीटरवर आणला तर गोळा लहान होतो आणि २८० च्या वर लक्स मिळतात. अंतर चौथाई केलं की उजेड सोळापट होतो. दहावीच्या पोरासाठी मोठा बल्ब मागायला आलेल्या माणसाला मी बल्ब न विकता दोन मीटर वायर आणि होल्डर विकतो, ते यासाठी. धंद्याचं नुकसान आहे, पण पोरगं पास झालं तर पुढे गिऱ्हाईक होईल.

आणि हो, भिंती. चुन्यानं पांढरी केलेली भिंत तिच्यावर पडलेला बराचसा उजेड परत खोलीत फेकते. मातीची भिंत, सारवलेली जमीन आणि वर धुरानं काळी पडलेली कवेलू असली की ती उजेड पिऊन टाकतात. अशा घरात बल्ब आढ्याला टांगू नका. खाली घ्या आणि वरून पांढरी शेड घाला.

“मंग मोजाचं कायनं?” काकांचा प्रश्न. मोबाइलमध्ये लक्स मोजणारं अॅप मिळतं. ते फोनच्या पडद्याजवळ जो प्रकाशाचा सेन्सर असतो त्याच्यावर चालतं. दोन फोन शेजारी ठेवले तर दोन आकडे दाखवतात, म्हणून आकड्यावर विश्वास नको. पण एकाच फोननं, एकाच जागी, आधी हा बल्ब आणि मग तो बल्ब अशी तुलना केली तर कुठला सरस ते कळतं.

माझ्या आवडीची पद्धत मात्र आलुबोंड्याच्या कागदाची आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत बन्सनचा बर्नर पाहिला असेल. त्याच बन्सननं एकशेऐंशीच्या आसपास वर्षांपूर्वी, कुठलाही सेन्सर नव्हता तेव्हा, तेलाच्या डागानं दिवे मोजले होते. कोरा पांढरा कागद घ्या, मधोमध तेलाचा रुपयाएवढा डाग पाडा. आलुबोंडा बांधून आलेला कागद चालत नाही, त्यावर बातम्या छापलेल्या असतात, पण तेल तेच चालतं. हा कागद पुट्ठ्याच्या चौकटीत ताणून उभा करा. समोरून उजेड जास्त असेल तर डाग काळपट दिसतो, मागून जास्त असेल तर उजळ दिसतो. दोन्हीकडून सारखा उजेड पडला की डाग जवळपास नाहीसा होतो. पहिल्यांदा तो गायब होताना पाहिला तेव्हा मी एकटाच खोलीत “अरे!” म्हणून ओरडलो होतो.

आता रात्री खोलीत अंधार करा, मागच्या भिंतींवर घोंगडी टाका म्हणजे उजेड परत येणार नाही. दोन मीटर अंतरावर, एकाच उंचीवर, एकमेकांकडे तोंड करून दोन बल्ब लावा. एक डब्ब्यावर ९०० ल्युमेन लिहिलेला भरवशाचा, दुसरा बाजारातला ‘१२ वॅट’वाला. कागद मधे सरकवत न्या. माझ्याकडे डाग नाहीसा झाला तेव्हा भरवशाचा बल्ब कागदापासून १२० सेंटीमीटरवर होता आणि बाजारातला ८० वर. ८० ला १२० नं भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, ०.४४ येतात. बाजारातला बल्ब भरवशाच्या बल्बाच्या निम्माही नाही, धरून चाला ४०० ल्युमेन. दोन्ही बल्बांचा रंग मात्र सारखा असावा. एक पिवळा आणि एक पांढरा घेतला तर डाग कधीच पूर्ण मिटत नाही. आणि बल्बकडे थेट पाहू नका, नजर कागदावर ठेवा.

डाग वापरायचा झाला तरी तुलनेला एक पक्का दिवा लागतोच. १८६० साली लंडनच्या गॅसदिव्यांसाठी कायदा झाला, त्यात व्हेलच्या डोक्यातून काढलेल्या मेणाची, तासाला १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास जळणारी मेणबत्ती हे माप धरलं होतं. आज दिव्याची एका दिशेतली तीव्रता कँडेलामध्ये मोजतात, त्या नावात ती मेणबत्ती अजून शिल्लक आहे. पुढे मेण, वात सगळं गेलं आणि १९७९ पासून वर सांगितलेल्या पिवळसर हिरव्या प्रकाशावर कँडेला बसवला गेला. साध्या मेणबत्तीचा उजेड अजूनही एक कँडेलाच्या आसपास भरतो. एक मीटरवर तिचा उजेड एक लक्स.

कंपन्यांच्या प्रयोगशाळेत आतून पांढराशुभ्र रंगवलेला मोठा पोकळ गोळा असतो. त्यात बल्ब लावतात. त्याचा उजेड आतल्या आत इतका आपटतो की सगळीकडे सारखा होतो, मग एका भोकातून मोजला तरी पूर्ण ल्युमेन कळतात. दुसऱ्या यंत्रात दिवा किंवा आरसा फिरवून प्रत्येक कोनातला कँडेला टिपतात.

रंगाबद्दल दोन आकडे डब्ब्यावर असतात. पहिला केल्विन. लोहाराच्या भात्यापुढे लोखंड आधी लालबुंद होतं, मग नारिंगी, पिवळं, आणि फार तापलं की पांढरं. त्याच हिशेबानं २७०० केल्विन म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. त्यात चांगला-वाईट काही नाही, फक्त छटा.

दुसरा आकडा सीआरआय. त्याकडे कोणी पाहत नाही आणि नेमका तोच साडीच्या दुकानात फसवतो. दुकानात मोरपिशी दिसलेली साडी घरी उन्हात वेगळीच निघते, म्हणून बाया ती दारापर्यंत नेऊन पाहतात. दुकानदाराला राग येतो, पण त्या बरोबर आहेत. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याला १०० पैकी गुण देतात. तारेच्या बल्बला जवळपास पैकीच्या पैकी, साध्या एलईडीला ८० च्या आसपास. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे वॅटमागे भरपूर ल्युमेन द्यायचे, पण रंगांत २० ते २५ गुण, त्यांच्याखाली लाल मोटारसायकल तपकिरी दिसायची. आणखी एक खोच आहे. हे गुण आठ फिकट रंगांची सरासरी काढून देतात, त्यात गडद लाल रंग नाहीच. त्यामुळे ८० गुणांच्या दिव्याखालीही भिवापूरची मिरची मरगळलेली दिसू शकते. मिरचीचा किंवा कापसाचा भाव रात्री दिव्याखाली ठरवू नये, उजाडू द्यावं.

स्वस्त एलईडीचा आणखी एक रोग म्हणजे लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे खराब सर्किट असलेला दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला दिसत नाही, पण मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. असा दिवा कडबा कुट्टीच्या मशीनवर चुकूनही लावू नका. ठरावीक वेगाला फिरतं पातं त्याच्या उजेडात थांबल्यासारखं दिसतं.

डब्ब्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं. रोज सहा तास लावला तर अकरा वर्षं होतात. एवढी वर्षं थांबून कोणी मोजलेलं नसतं. आतला एलईडी साधारण ६,००० तास जाळतात, उजेड किती उतरला ते पाहतात आणि पुढचा अंदाज बांधतात. उजेड ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं असं धरायचा रिवाज आहे, दिवा तेव्हाही जळतच असतो. पण आपल्याकडे बल्ब मरतो तो एलईडी मेल्यामुळे क्वचितच. त्याच्या बुडाशी जे सर्किट असतं, ते जातं. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश उष्णतेला साधारण निम्मं होतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त, आणि त्यात बंद शेडमध्ये बल्ब. प्रयोगशाळेतलं थंड हवेतलं आयुष्य इथे कुठून टिकणार?

व्होल्टेजचंही बोलून टाकतो. रब्बीत कृषिपंप सुरू झाले की घरात १८० व्होल्ट येतात. जुना तारेचा बल्ब तेव्हा निम्म्याहून कमी उजेड द्यायचा. चांगल्या एलईडीचं सर्किट ते सांभाळून घेतं, उजेड तेवढाच राहतो. हलका एलईडी लगेच मंदावतो. बल्ब घेताना डब्ब्यावर ल्युमेन लिहिलेत का पाहा, आणि आर अक्षरानं सुरू होणारा भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहा. तो ब्युरोच्या अॅपवर टाकून तपासता येतो. ल्युमेनच लिहिले नसतील तर तो बल्ब मी तरी ठेवत नाही.

आता काकांच्या बॅटरीकडे. फवारणीच्या पंपाचं नोझल आठवा. टाकीत पाणी तेवढंच, पण नोझल उघडं ठेवलं तर जवळच धुकं पसरतं आणि आवळलं की सरळ धार लांबवर जाते. बॅटरीच्या तोंडातली वाटी हे काम करते. ल्युमेन तेवढेच राहतात, एका दिशेचा कँडेला वाढतो. म्हणून जागलीच्या बॅटरीला ल्युमेनपेक्षा कँडेला विचारायचा.

बॅटऱ्यांच्या मापात ‘अंतर’ म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ती जागा. ते काढायचं सूत्र सोपं आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० कँडेलाची बॅटरी असेल तर वर्गमूळ १००, अंतर २०० मीटर. काकांच्या डब्ब्यावरच्या २ किलोमीटरसाठी दहा लाख कँडेला लागतील. आम्ही रात्री रस्त्यावर जाऊन पाहिलं. आधी कँडेला ठाऊक असलेली एक बॅटरी आणि मग काकांची, समोर पांढरा पुट्ठा आणि हातात फोनचं अॅप. दोन्हींची तुलना करून काकांची आली चार हजारांच्या आसपास. वर्गमूळ ६३, अंतर सव्वाशे मीटर.

“म्हणजे सव्वाशे मीटरवर डुक्कर दिसलं पाह्यजे,” काका म्हणाले.

मी सांगितलं, तिथे पाव लक्स असेल, म्हणजे पुनवेचं चांदणं.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुनवेच्या रात्री मी लय डुकरं पाह्यली गा. पण दिसते कधी, तं हरभऱ्यातून पळाले लागल्यावर.”

मग आम्ही हिशेब उलटा मांडला. शंभर मीटरवर निदान दोन लक्स हवेत. अंतराचा वर्ग दहा हजार, गुणिले दोन, म्हणजे वीस हजार कँडेला. माझ्याकडे तशी एकच बॅटरी होती, खोल वाटीची, ३०० ल्युमेनची, डब्बा लहान. काकांनी ती हातात घेऊन दोनदा उलटसुलट केली आणि विचारलं, “हिच्यावर वॅट काऊन नाही लिवले?”